उसाच्या जिल्ह्यातलं पहिलं प्रवाळ

श्रीरामपूरच्या एका वाचकाने या आठवड्यात यादी पाठवली. नवशिक्यांसाठी सोपी दहा प्रवाळं, कुठल्याशा अमेरिकी माणसाच्या व्हिडिओवरून उतरवून घेतलेली. खाली एकच ओळ : ‘सर, यातलं पहिलं कुठलं आणू?’ मी लाल पेन उघडलं. हॅमर, खोडलं. टॉर्च, खोडलं. डंकन, कँडी केन, फेविया, मॉन्टिपोरा, सगळं खोडलं. शेवटी उरली मशरूम, झोआ, लेदर आणि जीएसपी, म्हणजे ग्रीन स्टार पॉलिप्स. जीएसपीसमोर प्रश्नचिन्ह काढलं आणि यादी परत धाडली. तासाभरात उत्तर आलं, ‘पण सर, हॅमर तर पुण्यात मिळतो.’

मिळतो ना. पुण्यात काय मिळत नाही? वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळं घातली गेली, तेव्हा लिहिणाऱ्याने हात आखडता घेतला नव्हता. दगडी सांगाडा बांधणारी, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया गटातली झाडून सगळी. शिवाय काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सगळे समुद्रपंखे. ज्या अनुसूचीत वाघ आहे, तीच ही. शिक्षा तीन ते सात वर्षं. हॅमरला दुकानात लाडाचं नाव मिळालं म्हणून तो त्या गटातून बाहेर पडत नाही. विकणाऱ्याकडे एकदा पक्कं बिल मागून बघा. मीठ, लाइट, मासे सगळं नावानिशी लिहून मिळेल, आणि हॅमरची पाळी आली की तो म्हणेल, ‘साहेब, ते राहू द्या, आपलं घरचंच आहे.’

मुंबईच्या कोस्टल रोडच्या वेळची गोष्ट. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती रस्त्याच्या आड आल्या. हजारो कोटींचं काम, पण २०२० मध्ये त्या हलवण्यासाठी महापालिकेला वन विभागाची परवानगी काढावी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलवावं लागलं. आणि आपला माणूस मला विचारतो की मालवणला स्कूबा करताना एखादा छोटा तुकडा उचलला तर चालेल का. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. चालणार नाही.

गंमत अशी की कायदा नसता तरी माझं लाल पेन बहुतेक तिथंच फिरलं असतं. दगडी प्रवाळ रोज पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतं आणि त्याचा सांगाडा करतं. तुम्ही दोन दिवस लग्नाला गेलात म्हणून ते थांबत नाही. क्षारता घसरली की रुसतं, एकदम चढवली की जळतं. मशरूम आणि झोआंना असला सांगाडाच नसतो. लेदरच्या अंगात चुन्याचे बारीक काटे तेवढे असतात. त्यांची मागणी इतकी कमी की छोट्या टाकीत दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तरी भागतं. अमेरिकेतला माणूस हॅमरला सोपं म्हणतो तेव्हा डोसिंग पंप, चिलर आणि चोवीस तास वीज यांचा उल्लेख तो करत नाही, कारण त्याच्या घरात ते भिंतीसारखंच असतं.

आता माझा नेहमीचा विषय, आणि ज्यांना तो ठाऊक आहे त्यांनी उसासा टाकायला हरकत नाही. हिवरे बाजार. नगर तालुक्यातलं, जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाचं गाव. पावसाळा सरला की तिथं पाण्याचा ताळेबंद मांडतात. पडलं किती, मुरलं किती, विहिरींत आहे किती. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, मग उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरायचं. ऊस आणि केळी नाही. शेतीसाठी बोअर नाही. गावाला हे वळण लावणाऱ्या पोपटराव पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या जिल्ह्यातली माणसं तिकडे बसने सहलीला जात होती. बंधाऱ्यापुढे फोटो काढायची, भाकरी-पिठलं खायची आणि घरी येऊन चारशे फुटांवर बोअर पाडायची.

दुकानात काचेला नाक लावून प्रवाळ निवडणारा माणूस हा आधी ऊस लावून मग पाणी शोधणाऱ्यातला. आधी ऊस, मग बोअर, मग दुसरा बोअर, मग टँकर. इथं आधी हॅमर, मग कॅल्शियमची बाटली, मग डोसिंग पंप, मग चिलर, मग ‘टाकी विकणे आहे’. मला पुरावा मागू नका, पण मी पैजेवर सांगतो की ज्याच्या शेतात ऊस आहे तोच टाकीतही पहिल्यांदा दगडी प्रवाळ मागतो. राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला झाला, त्याचं कौतुक आहेच. पण कालव्याचं पाणी शतकभर उसाला पाजून गोदावरी-प्रवरेच्या काठची कितीतरी जमीन आपण चोपण करून ठेवली. इतकं खारं पदरात असताना परत मिठाची बादली विकत आणायची हौस कुठून येते, हे मला अजून उमगलेलं नाही.

तर टाकीचा ताळेबंद. पहिली बाजू उष्णतेची. प्रवाळाला २४ ते २७ अंश बरं, तिशीच्या पुढे दिवसामागून दिवस गेले की अंगातली शेवाळं टाकून ते पांढरं पडतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर चाळिशी असते. पण इथं नगरकराच्या बाजूने एक गोष्ट आहे, जी मुंबईकराकडे नाही : कोरडी हवा. पाण्यावर साधा छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने टाकी तीन-चार अंश उतरते. दमट मुंबईत तोच पंखा नुसता वारा घालतो. चिलरचे पैसे वाचतात, पण त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. शंभर लिटरच्या टाकीतून उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन लिटर उडून जातं. मीठ मात्र मागेच राहतं. चार दिवस गावाला गेलात आणि दहा लिटर कमी झालं, तर लिटरमागे ३५ ग्रॅम असलेलं मीठ ३९ च्या घरात जातं. तेव्हा उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडं पाणी घालायचं, खारं नाही. हे मी किती वेळा लिहिलंय याचा हिशेब संपादकांकडे असेल.

आणि हे गोडं पाणी कुठलं? बोअरचं नाही. त्यातला चुना आणि खतांचं नायट्रेट दोन्ही टाकीत साठत जातं. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचंही नाही, निदान आहे तसं नाही. त्यातल्या बऱ्याच यंत्रांना चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो आणि तो थोडं कच्चं पाणी मुद्दाम परत मिसळतो. तुमच्या जिभेला गोड लागणारं शंभर टीडीएसचं पाणी प्रवाळाला नको असतं. आरओच्या पुढे डीआयचं, म्हणजे उरलेसुरले क्षार काढणारं, नळकांडं लावा, मीटर शून्याला टेकला पाहिजे. आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतं, ते झाडांना आणि फरशीला वापरा. ते मोरीत सोडणाऱ्याने माझ्याशी हिवरे बाजारवर बोलू नये.

वीज हा ताळेबंदातला सगळ्यात खोटा आकडा, कारण सगळे तो ‘आमच्याकडे जात नाही’ असा लिहितात. जाते. टाकीतल्या वेव्हमेकरला इन्व्हर्टरवर घ्या, किंवा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवा. लाइट बंद राहिला तर प्रवाळ एक दिवस सोसतं, पाणी थांबलं तर रात्रभरही कठीण.

एवढं मांडून झालं की निवड उरतेच कुठे? आपल्या टाकीची बाजरी म्हणजे मशरूम. डिस्कोसोमा किंवा रोडॅक्टिस, खालच्या अंगाला, मंद प्रवाहात, लाइटच्या थेट माऱ्यापासून लांब. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन निदान दोन महिने झालेली टाकी हवी. पाणी अगदी स्वच्छही करू नका, नायट्रेट पाच-दहा असलं तर मशरूम जास्त खुशीत राहतं. निळा लाइट शंभर टक्क्यांवर ठेवून ‘सर, आकसलं’ म्हणून फोन करणाऱ्यांनी आधी लाइट तिशीवर आणावा आणि मग फोन करावा. दगडावरून सुटलं तर जाळी लावलेल्या वाटीत खडीबरोबर ठेवा, आठवडा-दोन आठवड्यांत कुठल्यातरी खड्याला चिकटतं.

त्यानंतर लेदर. ते मधूनच मिटतं, अंगावर मेणासारखी साय धरतं, कधी आठवडाभर मेल्यासारखं पडून राहतं आणि मग साय टाकून उघडतं. त्या आठवड्यात त्याला हात लावू नका. आजूबाजूच्या प्रवाळांना हटवण्यासाठी ते पाण्यात रसायनं सोडतं, म्हणून फिल्टरमध्ये कार्बन असू द्या.

झोआ दिसायला सगळ्यात देखणे, पण त्यांच्यातल्या आणि विशेषतः त्यांच्या भावंड पॅलिथोआतल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, आणि ते गमतीचं विष नाही. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. झोआ उगवलेला दगड उकळत्या पाण्यात घालून ‘साफ’ करायला गेलेली माणसं त्या वाफेने घरच्यांसकट दवाखान्यात गेली आहेत. घरात लहान मूल असेल तर मशरूमवरच थांबा.

जीएसपीवरच्या प्रश्नचिन्हाचा खुलासा. एक तर ते हरळीसारखं पसरतं आणि मागची काचही सोडत नाही. दुसरं, ब्रायरियम ही त्याची प्रजाती अनेक जुन्या ग्रंथांत समुद्रपंख्यांच्या कुळात लावलेली आहे, आणि अनुसूचीत ‘सगळे समुद्रपंखे’ असं लिहिलंय. कोर्टात याचं काय होईल ते वकील सांगतील, मी दुसऱ्याच्या पैशाने प्रयोग करायला सांगत नाही.

उघडमीट करणाऱ्या झीनियाचंही कुणी ना कुणी विचारतंच. जगात सोप्यात सोपं म्हणून ते विकलं जातं, आणि तेच बघा : त्याच कुळातलं उनोमिया नावाचं मऊ प्रवाळ व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर, बहुधा मत्स्यालयाच्या व्यापारातून, सुटलं आणि तिथल्या खडकांवर चादरीसारखं पसरून मूळच्या प्रवाळांना गिळून बसलं. आपल्याला समुद्र दोन-अडीचशे किलोमीटरवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. टाकीला कंटाळलेला माणूस गणपतीपुळ्याला जाताना डबा बरोबर घेऊन जाऊ शकतो.

जाता जाता संगमनेरच्या वाचकासाठी. तुम्ही विचारलेली जुनी टाकी स्वस्त आहे, पण आधीच्या मालकाने माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध वापरलं होतं का, ते विचारा. दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि हळूहळू सोडत राहतात, त्यात मशरूमही टिकत नाही. काच घासून धुता येते. टाकी घ्या, दगड आणि वाळू त्यांच्याकडेच राहू द्या.