काकू, फायनल किती?

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. ठाण्यातल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन लागलं होतं. नेहमीचाच मामला. रंगीत पणत्या, चकलीची भाजणी, ऑक्सिडाइज्ड कानातले आणि 'दोनवर एक फ्री'वाले कुर्ते. कोपऱ्यातल्या एका टेबलापाशी मात्र मी थबकले. क्रोशेची मस्टर्ड रंगाची एक बॅग. अख्ख्या बॅगवर चौकोनी खळगे, थेट वेफलसारखे! हात लावला तर जाडजूड आणि मऊ. प्रेमातच पडले.

"कितीला?"

"नऊशे."

"नऊशे? दोऱ्याच्या पिशवीला? काकू, फायनल किती?"

टेबलामागच्या काकू काहीतरी सांगणार होत्या, पण गर्दी होती. त्यांनी बॅग उचलली, कागदात गुंडाळली आणि म्हणाल्या, "द्या पाचशे."

बॉस, काय खूश झाले होते मी! नंतर दोन आठवडे जो कोणी "बॅग सही आहे" म्हणायचा, त्याला मी बॅगेच्या आधी रेट सांगायचे. नऊशेची पाचशेला. आहे कुणाची टाप?

आता सीन टू. पावणेनऊची लोकल, लेडीज डबा. तुम्हाला माहितीच आहे, या डब्यात काय चालत नाही! कुणी मटार सोलतं, कुणी आयलायनर लावतं (तेही कुर्ल्याच्या आधीच्या हिसक्यांत!), कुणी पोथी वाचतं. आमच्या ग्रुपमध्ये एक क्रोशेवाल्या काकू आहेत. बँकेत नोकरी, रिटायरमेंटला दोन वर्षं. फोर्थ सीट मिळाली तरी त्यांची सुई चालूच. त्यांनी माझी बॅग मागून घेतली, उलटी केली, आतून बोट फिरवलं.

"केवढ्याला घेतलीस?"

"पाचशे! नऊशे सांगत होत्या."

मला वाटलं, शाबासकी मिळणार. काकूंनी बॅग परत दिली आणि म्हणाल्या, "शिकतेस ही वीण? मग बोलू रेटचं."

मास कॉमला आम्हाला शिकवलं होतं की पत्रकाराने कुठल्याही विषयाला नाही म्हणू नये. म्हटलं, शिकते. त्यात काय एवढं?

तर मंडळी, तुम्हालाही ट्राय करायचं असेल तर सामान फार नाही. चार किंवा पाच मिलिमीटरची क्रोशाची सुई आणि जरा जाड सुती दोरा. बॅग किंवा गरम भांड्याखाली ठेवायचा मॅट करायचा असेल तर सुतीच घ्या. अॅक्रिलिक लोकर उष्णतेने वितळते. दोरा फिक्या रंगाचा घ्या, काळ्यावर टाके दिसत नाहीत आणि डोकं फिरतं.

आधी दोन गोष्टी हातात बसायला हव्यात. पहिली, साखळी. दुसरी, खांब. खांबासाठी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, सुई घरात घालून दोरा वर ओढायचा, म्हणजे सुईवर तीन फासे येतात. ते दोन-दोन करून सोडवायचे. झाला खांब. व्हिडिओ बघून शिकणार असाल तर एक सावधगिरी: अमेरिकन बाई ज्याला 'डबल क्रोशे' म्हणते, त्यालाच ब्रिटिश बाई 'ट्रेबल' म्हणते. मी दोन दिवस दोघींचं मिळून काहीतरी भलतंच विणत होते. काकू म्हणाल्या, "म्हणून आपला खांब बरा. खांब म्हणजे खांब."

आता वेफलचा फंडा:

१. तीनच्या पटीत साखळ्या घाला आणि वर दोन जास्त. सरावासाठी ३२ घ्या. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब आणि मग पुढे प्रत्येक साखळीत एकेक. सुरुवातीच्या सुटलेल्या तीन साखळ्या हाच एक खांब धरायचा. ओळीत एकूण ३० खांब होतात.

२. तीन साखळ्या घालून काम उलटवा. हा कडेचा खांब. आता गंमत. पुढचा खांब नेहमीसारखा वरच्या घरात घालायचा नाही. खालच्या ओळीतल्या खांबाच्या एका बाजूने सुई पुढून मागे न्यायची, आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा पुढे काढायची. म्हणजे खांबाला कवेत घ्यायचं! तिथून दोरा ओढून खांब पूर्ण करा. हा खांब उठून पुढे येतो. मग दोन साधे खांब. एक उठावाचा, दोन साधे, असं करत जा. शेवटी एक उठावाचा आणि कडेला एक साधा.

३. पुन्हा तीन साखळ्या, पुन्हा उलटवा. या ओळीत बरोबर उलट. एक साधा, दोन उठावाचे. शेवटी दोन साधे. खालचा उठावाचा खांब या बाजूने आत गेलेला दिसतो, त्याच्यावर साधा येतो. त्याच्या शेजारच्या दोन साध्यांना कवेत घ्यायचं.

पुढे दुसरी आणि तिसरी ओळ आलटून पालटून. चार-पाच ओळींनंतर खळगे दिसायला लागतात. आणि ते दिसले ना, की अक्षरशः ओरडावंसं वाटतं. मी ओरडले. घाटकोपरला चढलेल्या बायकांनी वळून बघितलं.

पण त्याच्याआधी मी तो तुकडा सात वेळा उसवला होता. कधी ३० चे २८ खांब व्हायचे, कधी उठावाचा खांब भलत्याच जागी. दर वेळी काकू शांतपणे सुई काढून घ्यायच्या आणि दोरा ओढायच्या. सर्रर्र. माझी तासाभराची मेहनत गुंडाळ्यात परत. वैताग यायचा, पण क्रोशेची खासियतही तिथेच कळली. स्वेटर विणताना सुईवर टाक्यांची अख्खी ओळ जिवंत असते. क्रोशेत बहुतेक वेळ फक्त एक फासा. आधीचा प्रत्येक टाका पुरा करूनच पुढे जायचं. म्हणून चुकलं तर उसवणं सोपं, आणि म्हणूनच घाई करणं अशक्य.

दुसरा साक्षात्कार दोऱ्याचा. उठावाची वीण दोरा खाते. साध्या विणीत पुरेल असं वाटलेला गुंडा वेफलमध्ये अर्ध्यातच संपला. दुकानात परत जाऊन तोच रंग मागितला तर शेड किंचित वेगळी निघाली. माझ्या बॅगेची खालची बाजू थोडी गडद आहे. ती 'डिझाइन' आहे असं मी सांगते.

मला ती बॅग करायला पाच आठवडे लागले. मग एक दिवस काकूंनी पर्समधून बँकेचं पेन काढलं आणि तिकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला.

"दोरा कितीचा लागला?"

"तीनशे चाळीस."

"सराव असलेल्या बाईला अशा बॅगेला सोळा तास धर. पाचशेतून तीनशे चाळीस गेले, उरले एकशे साठ."

पुढचं त्या बोललेच नाहीत. तिकीट माझ्या हातात दिलं. तासाला दहा रुपये. हॉलच्या टेबलाचं भाडं अजून धरलेलंच नव्हतं. आणि मी त्याच दुपारी एका कॉफीला दोनशे ऐंशी देऊन आले होते, तिथे कुणाला 'फायनल किती' विचारलं नव्हतं.

मी स्वतः फ्रीलान्सर आहे. "बजेट जरा टाइट आहे, तू किती अॅडजस्ट करशील?" हा मेल मला महिन्यातून दोनदा येतो, आणि तो वाचून माझा काय संताप होतो ते घरच्यांना विचारा. तोच मेल मी प्रदर्शनात तोंडी पाठवला होता.

एक माहिती तुम्हालाही हवीच. स्वेटर मशीनवर होतात, पण खरं क्रोशे आजही कारखान्यातल्या मशीनवर निघत नाही. 'क्रोशे लूक' म्हणून मिळणारं मशीनचं कापड वेगळ्या विणीचं असतं. म्हणजे मॉलमध्ये दोनशे नव्व्याण्णवला खराखुरा क्रोशे टॉप लटकलेला दिसला, तर तो कुठेतरी कुणीतरी हातानेच विणलेला आहे. तिला किती मिळाले असतील, करा हिशेब. आंध्रातल्या नरसापूरची क्रोशे लेस परदेशात जाते. तिथल्या बायकांवर मारिया मीस या अभ्यासक बाईंनी १९८२ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. बायका घरी बसून तासन् तास विणायच्या, माल एक्सपोर्ट व्हायचा, पैसा व्यापाऱ्यांकडे जायचा, आणि त्यांची गणना मात्र 'गृहिणी' अशी. फावल्या वेळात करतात हो काहीतरी!

मागच्या महिन्यात त्याच हॉलमध्ये पुन्हा प्रदर्शन लागलं. मी मुद्दाम गेले. त्या काकू होत्या, टेबल तेच. मी एक लहान पाऊच उचलला. साडेचारशे. गपचूप स्कॅन केलं आणि साडेआठशे पाठवले. काकूंनी मोबाइल बघितला, "ताई, जास्त आले."

"मागच्या वेळचे राहिले होते."

त्यांना मी आठवत नव्हते. साहजिक आहे, माझ्यासारख्या किती येत असतील. मग जरा धीर करून मी खांद्यावरची माझी बॅग त्यांच्यापुढे ठेवली. "ही मी केलीय. तुमचीच बघून."

त्यांनी ती उलटी केली. आतून बोट फिरवलं, अगदी लोकलमधल्या काकूंसारखंच. एका जागी बोट थांबलं.

"इथे एक खांब सुटलाय."

"हो?"

"पण बाकी हात चांगला बसलाय. किती दिवस लागले?"

आजवर बॅगेबद्दल मला रेट सोडून काही विचारणारी ही पहिलीच बाई. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून एक मुलगी पुढे घुसली. हातात हिरवी वेफल बॅग, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड.

"काकू, फायनल किती?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.