मोळी डोक्यावर, हक्क कपाटात

महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर पावसाळ्यापूर्वी चार महिन्यांचे सरपण घरात भरून ठेवावे लागते. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि चुलीचा प्रश्न कागदोपत्री निकालात निघाला. परंतु रिकामे सिलिंडर पुन्हा भरून आणण्याइतका रोख पैसा ज्या घरात नसतो, त्या घरची चूल विझलेली नाही. तिच्यासाठी डोंगरातून मोळी आणणारी स्त्री वनरक्षकाच्या मर्जीवर अवलंबून राहते. वाळकी काटकी वेचणे हा गुन्हा, सवलत की हक्क, एवढाच साधा प्रश्न येथे आहे.

रानावरील सरकारी स्वामित्व अनादि नव्हे. कोकणातील शेतकरी भाताच्या रोपासाठी राब भाजायला पिढ्यान्‌पिढ्या टहाळ तोडीत आला. १८७८ च्या वन कायद्याने रान राखीव झाले आणि वहिवाटीची सवलत बनली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष एवढा वाढला की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. याच कुलाबा जिल्ह्यात, चिरनेरच्या अक्कादेवी डोंगरावर, २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. स्वातंत्र्य आले, जिल्ह्याचे नाव रायगड झाले. पण १९२७ चा भारतीय वन कायदा कायम राहिला.

अखेर २००६ साली संसदेने वनहक्क कायदा संमत केला. वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली त्याच्या प्रस्तावनेतच आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाने निस्ताराचे सामूहिक हक्क, मग ते कोणत्याही नावाने ओळखले जात असोत, मान्य केले. ‘निस्तार’ हा शब्द विदर्भ-मध्यप्रदेशाकडचा. महाडच्या माणसाने तो क्वचितच ऐकलेला असतो. पण राबाचा टहाळ, चुलीचे सरपण, गुरांची चराई हे सारे त्या एका शब्दात सामावते. कातकरी व ठाकरांना ब्रिटिश अमदानीत मिळालेल्या दळी जमिनींसारख्या पट्ट्यांचे मालकीहक्कात रूपांतर करण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. कोकणात मात्र आजही अर्जदार परवान्याच्या रांगेत उभा दिसतो.

अडचणी खऱ्या आहेत. आदिवासी नसलेल्या कुणबी, धनगर वा बौद्ध कुटुंबांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास्तव्याचा व रानावरील अवलंबनाचा पुरावा द्यावा लागतो. मात्र गावातील वृद्धांचे लेखी जबाब नियमांनी ग्राह्य मानले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या वापरातल्या चराईच्या व वेचणीच्या जागाही सामूहिक दाव्याचा पुरावा ठरतात. सरकारदरबारी गाव म्हणून नोंद नसलेली जुनी वस्तीही या कायद्याच्या दृष्टीने गाव ठरते.

लोकांना हक्क दिला तर रान उजाड होईल, अशी भीती घातली जाते. मालकी रानातील तोडीचा परवाना काढून, वाहतूक पास घेऊन लाकडाचा ट्रक राजरोस जातो, तेव्हा ही भीती कोठे असते? जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. ज्यांची घरे डोंगराच्या पायथ्याशी आहेत, त्यांच्याइतकी डोंगराची काळजी कोणाला असणार? रान राखण्याचा अधिकार आणि जबाबदारी कायद्याने ग्रामसभेकडे दिली आहे, ती यासाठीच.

मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले; महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्या ठरावांचे मोल शून्य होते. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि सत्याग्रहींसह महाडकडे निघाले. कागदावरचा हक्क वापरल्याशिवाय हक्क होत नाही, हा धडा ज्या वाटेने देशभर गेला, तिच्या दोन्ही बाजूंच्या वाड्यांना तो नव्याने सांगावा लागावा, ही खेदाची गोष्ट आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम म्हणूनच स्पष्ट आहे. परवान्याच्या अर्जांवर शिफारशी लिहून देणे थांबवावे. वाडीवाडीत ग्रामसभा भरवून वनहक्क समित्या कराव्यात. त्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात असा नियमच आहे. मोळी वाहणाऱ्या बाईला त्यांत पहिले स्थान द्यावे. वृद्धांचे जबाब लिहून घ्यावेत, वेचणीच्या वाटा नकाशावर आणाव्यात, दावे उपविभागीय समितीकडे पोचदेखत द्यावेत आणि फेटाळणीचा कारणासह लेखी निर्णय मागावा. हे काम निवडणुकीच्या सभेइतके गाजणार नाही. पण सरपणासाठी कोणापुढे हात न पसरणारी बाई स्वातंत्र्याचा अर्थ भाषणाविना समजून घेईल.