पाच गिगाहर्ट्झचा लॅपटॉप आणि मृगाची पेरणी

परवा चार दिवस गावी जाऊन आलो. गाव आमचं माजलगाव तालुक्यातलं, बीड जिल्हा. "मे महिन्यात तिकडं कशाला जातोस, भाजून निघशील," असं पुण्यातले मित्र म्हणतात. कारणं दोनच, आई आणि आंबे. या वेळी तिसरं कारणही होतं, ते म्हणजे पुतण्याचा नवा लॅपटॉप. कापसाच्या पैशातून दादानं घेऊन दिलेला, त्यामुळे घरात त्याचा मान नव्या ट्रॅक्टरइतकाच.

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, आणि काका पुण्यात वीस वर्षं सर्व्हर सांभाळतो हे त्याला पक्कं ठाऊक. रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर बसलो, तसा त्यानं प्रश्न टाकला, "काका, माझा लॅपटॉप पाच गिगाहर्ट्झचा. पुण्यात हवामानासाठी तो 'प्रत्युष' बसवला होता ना, त्याचा प्रोसेसर 2.1 चा. मग फास्ट कोण?"

आकडे पोरानं बरोबर शोधले होते. मला मात्र हसू आलं, कारण पंचवीस वर्षांपूर्वी आम्हीही हेच करायचो. पेंटियम 4 सन 2000 च्या शेवटी आला तो दीड गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि 2004 पर्यंत 3.8 वर जाऊन पोचला. दुकानदारही गिगाहर्ट्झ सांगूनच किंमत लावायचे. तेवढ्यात 2003 मध्ये लॅपटॉपसाठी पेंटियम एम आला. कागदावर जेमतेम 1.6, पण कित्येक कामांत अडीच गिगाहर्ट्झच्या पेंटियम 4 च्या तोडीस तोड! गिगाहर्ट्झ म्हणजे फक्त घड्याळाचे ठोके. एका ठोक्यात काम किती उरकतं, ते त्यात दिसत नाही. पावलं भरभर पडली म्हणजे रस्ता भरभर संपतोच असं नाही.

गंमत पुढे आहे. पेंटियम 4 ची शर्यत उष्णतेपायी अडकली, तेव्हा इंटेलनं लॅपटॉपच्या त्या काटकसरी वाटेवरूनच पुढची रचना बेतली, आणि 2006 मध्ये तीच रचना झिऑन या सर्व्हरच्या प्रोसेसरमध्येही गेली. म्हणजे थोरल्यानं धाकट्याकडून शिकावं, तसा सर्व्हर लॅपटॉपकडून शिकला.

तर "फास्ट कोण?" सांगून पटेना, म्हणून करूनच बघू म्हटलं. ऑफिसच्या एका जुन्या सर्व्हरवर मला लॉगिन होतं. दोन प्रोसेसर, प्रत्येकी 18 कोअर, 2.1 गिगाहर्ट्झ, प्रत्युषमध्ये होते त्याच जातीचे. मूळ संख्या शोधायचा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि दोन्हीकडे चालवला. आधी एकाच कोअरवर. लॅपटॉप आरामात जिंकला! पुतण्यानं माझ्याकडे असं बघितलं, की वीस वर्षांची नोकरी वाया गेल्यासारखी वाटली. :-)

मग सगळे कोअर लावून लांबलचक काम दिलं. पहिली एक-दोन मिनिटं लॅपटॉप बऱ्यापैकी टिकून होता. मग पंखा घोंगावायला लागला, खालची फरशीसुद्धा गरम झाली, आणि पाचाचा आकडा घसरत घसरत निम्म्यावर आला. रात्रीचे दहा वाजले तरी ओसरीवरचं वारं तापलेलंच, त्या बिचाऱ्यानं उष्णता टाकावी कुठं? तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर आला आणि आणखी मंदावला. तिकडे पुण्यातला सर्व्हर मात्र पहिल्या मिनिटाला जेवढं काम उरकत होता, तेवढंच तासाभरानंही उरकत होता. तोही जवळपास दहा वर्षांचा म्हातारा. नवा असता तर अंतर आणखी वाढलं असतं.

फरक इथं आहे. लॅपटॉपचे पाच गिगाहर्ट्झ ही घटकाभराची धाव. पातळ डब्यात, छोट्या पंख्यावर तेवढीच झेपते, आणि आपलं कामही तसंच असतं. एक फाइल उघडायची, एक पान वाचायचं, मग प्रोसेसर निवांत. सर्व्हरच्या त्या 18 कोअरच्या एका चिपची उष्णता 120 वॉटच्या घरात. ती बाहेर काढायची सोय असते म्हणूनच ती दिवसरात्र एका चालीनं चालते. शिवाय चिपच्या आतली कॅश मोठी, मेमरीकडे जाणारे रस्ते जास्त, आणि मेमरीत एखादा बिट उलटा पडला तर तो पकडून दुरुस्त करण्याची व्यवस्था. वेगाच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

बीडच्या माणसाला हे सांगायला पुस्तक लागत नाही. दसरा-दिवाळीला आपल्या टोळ्या कारखान्यावर निघतात. एखाद्या कोयत्याचा हात कितीही चपळ असला, तरी मुकादम टोळी मोजतो आणि उन्हाळ्यापर्यंत कोण टिकेल ते बघतो. आणि टोळी कितीही मोठी असली, तरी मोळ्या वाहायला गाडी एकच असेल तर सगळे फडात बसून राहतात. जीन अॅमडाल नावाच्या संगणकतज्ज्ञानं 1967 मध्ये हेच मांडलं होतं. कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही, तोच शेवटी सगळ्यांचा वेग ठरवतो.

आता प्रत्युष. 2018 मध्ये पुण्याला पाषाणच्या आयआयटीएम संस्थेत तो सुरू झाला. त्यात 1,19,232 कोअर होते. हवामानाचं गणित करताना पृथ्वीचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातलं तापमान, वारा, दाब, बाष्प पुढे पुढे मोजत नेतात. पण शेजारच्या बांधावर काय चाललंय हे विचारल्याशिवाय कुठल्याच चौकोनाला पुढचं पाऊल टाकता येत नाही. म्हणून नुसते हजारो लॅपटॉप एका खोलीत मांडून भागत नाही. कोअर-कोअरमधली बोलचालही तितकीच वेगवान लागते. चौकोन 12 किलोमीटरचा 6 किलोमीटरवर आणला की चौकोन चौपट होतात आणि वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात, म्हणजे काम सुमारे आठपट. 2024 मध्ये त्याच संस्थेत 11.77 पेटाफ्लॉप्सचा 'अर्का' आला आणि मे 2025 मध्ये 6 किलोमीटरच्या चौकोनांची 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली, त्यामागे हा हिशोब आहे. हेच गणित लॅपटॉपवर घातलं तर उद्याच्या पावसाचा अंदाज पाऊस पडून गेल्यावर हाती येईल.

इथवर ऐकून पुतण्या हिरमुसला. त्याला म्हटलं, थांब, तुझ्या बाजूचंही सांगतो. गूगलचं न्यूरलजीसीएम नावाचं एक मॉडेल आहे. गेल्या काही दशकांच्या जागतिक हवामानाच्या माहितीवर ते शिकवलेलं आहे, आणि एकदा शिकून झालं की ते लॅपटॉपवरही चालू शकतं. 2025 च्या खरिपात या आणि अशा मॉडेलांच्या आधारे केंद्राच्या कृषी मंत्रालयानं 13 राज्यांतल्या सुमारे 3 कोटी 80 लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर मान्सूनचा अंदाज पाठवला. त्या वर्षी मान्सून मे महिन्यातच आला आणि मग तीन आठवड्यांच्या आसपास अडून बसला. ते अडणंही त्या अंदाजात होतं. पण ज्या माहितीवर ते मॉडेल शिकलं, ती युरोपातल्या हवामान केंद्राच्या महासंगणकांनीच आधी दळून ठेवलेली. पीठ तयार असलं की भाकरी घरच्या चुलीवर होते. जातं मात्र कुणीतरी ओढलेलं असतं.

म्हणून माझं मत असं, की "फास्ट कोण?" हा प्रश्नच अर्धा आहे. कुठल्या कामाला, किती वेळ आणि कुणासाठी, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणि आमच्या भागात त्याला चौथी अट आहे, उत्तर पेरणीच्या आधी पोचलं पाहिजे.

ही अट मला दादामुळे कळली. 2025 च्या मे मधला पाऊस बघून त्यानं घाईनं कापूस लावला होता. जूनमध्ये उघडीप पडली आणि दुबार पेरणी करावी लागली. बियाणं, मजुरी सगळं दुसऱ्यांदा. तो मोबाइलवरचा अंदाज त्याच्यापर्यंत आलाच नाही, की आला आणि त्यानं वाचला नाही, हे त्यालाही सांगता येत नाही. पाषाणमधल्या लाखभर कोअरपासून आमच्या ओसरीपर्यंतचं हे शेवटचं अंतर अजून कुठल्याच प्रोसेसरनं कापलेलं नाही.

आमचं हे सगळं चालू असताना दादा बाजेवर पडून ऐकत होता. मधेच म्हणाला, "ते फास्ट-बिस्ट राहू द्या. औंदा पेरू कवा, ते सांगतंय का तुमचं मशीन?"

पुतण्यानं माझ्याकडे बघितलं. मी कृषी खात्याचा नेहमीचाच सल्ला सांगितला. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण बाहेर काढू नको.

"म्हंजी थांब म्हनतंय," दादा म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

पुतण्यानं मात्र ते मॉडेल लॅपटॉपवर चालवून बघायचं मनावर घेतलंय. मी त्याला एवढंच सांगितलं, जे काय निघेल ते मृग लागायच्या आत बापाला वाचून दाखव. आणि चालवताना लॅपटॉप खाली फरशीवर ठेवू नकोस, जरा वारा लागू दे त्याला.