मताचा हक्क आणि मताचे मोल

मराठी दलित साहित्य आणि अमेरिकन कृष्णवर्णीयांचे साहित्य यांची तुलना अभ्यासकांच्या चांगलीच परिचयाची आहे. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या 'दलित पँथर'ने आपले नावच अमेरिकेतील चळवळीवरून घेतले होते. मात्र या तुलनेत वेदना आणि विद्रोह यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे त्या वेदनेवर उपाय म्हणून घडविलेल्या कायद्यांना मिळत नाही. 'प्रतिनिधित्व' हा शब्द साहित्यचर्चेत सर्रास वापरणाऱ्यांनी तरी मतपेटीजवळ त्याचा अर्थ काय होतो, हे तपासावयास हवे.

अमेरिकेच्या १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने पहिला अडसर दूर केला. साक्षरतेच्या चाचण्यांसारख्या क्लृप्त्यांनी दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना मतदारयादीबाहेर ठेवले जात असे. मिसिसिपीत त्यांच्यातील पात्र व्यक्तींपैकी जेमतेम ६.७ टक्क्यांची नोंद होती. १९६७ पर्यंत हे प्रमाण ५९.८ टक्क्यांवर गेले. परंतु यादीत नाव आले म्हणजे मताला मोल आले, असे होत नाही. अलाबामातील मोबील शहराचे तीन आयुक्त सगळे शहर मिळून निवडीत असे. लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश असूनही एकही कृष्णवर्णीय तेथे आयुक्त होऊ शकला नव्हता. गोरे मतदार एकगठ्ठा मते देत, एवढे त्यासाठी पुरेसे होते. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात पक्षपाताच्या हेतूचा पुरावा मागितला. हेतू कागदावर लिहून ठेवण्याइतके भोळे कोण असते? १९८२ साली अमेरिकन संसदेने कायद्यात दुरुस्ती करून हेतूऐवजी परिणाम हा निकष ठरविला.

१९८६ च्या थॉर्नबर्ग विरुद्ध जिंगल्स या खटल्यात त्या निकषाला आकार मिळाला. अल्पसंख्य समाज स्वतंत्र मतदारसंघात बहुमत होण्याइतका मोठा व सलग वस्तीचा असावा, त्याची राजकीय पसंती एकवट असावी आणि बहुसंख्यांच्या एकगठ्ठा मतदानामुळे त्याच्या पसंतीचा उमेदवार बहुधा पराभूत होत असावा, या त्या तीन अटी. उमेदवाराचा वर्ण महत्त्वाचा नसून तो त्या समाजाने निवडलेला आहे की नाही हे महत्त्वाचे, असे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी मांडले.

डॉ. आंबेडकरांच्या वाचकाला हा मुद्दा अपरिचित वाटू नये. १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना प्रांतिक विधिमंडळांत ७१ जागा व स्वतंत्र मतदारसंघ दिले. पुणे कराराने जागा १४८ केल्या, पण अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाकडे सोपविली. जागा अस्पृश्याची, परंतु माणूस सवर्णांच्या पसंतीचा, हे बाबासाहेबांचे त्यानंतरचे गाऱ्हाणे होते. १९४६ साली त्यांनी विचारवंत ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला, तोही संयुक्त राष्ट्रांपुढे जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागण्यासाठी.

वर्ण पाहून मतदारसंघ आखल्याने वर्णभेदच पक्का होतो, असा आक्षेप घेतला जातो. १९९३ च्या शॉ विरुद्ध रीनो या निकालामागे हीच चिंता होती आणि ती क्षुल्लक नाही. तथापि जिंगल्सची तिसरी अटच त्याचे उत्तर देते. बहुसंख्यांची मते ज्या दिवशी वर्णानुसार पडेनाशी होतील, त्या दिवशी संरक्षणाचा आधारही संपतो. उपाय रोगाच्या पुराव्याला बांधलेला आहे. मात्र हा पुरावा प्रत्येक वेळी न्यायालयात द्यावा लागतो आणि न्यायालयाचे मन बदलते. २०१३ साली शेल्बी काउंटी खटल्यात पूर्वमंजुरीची तरतूद निष्प्रभ झाली; २०२३ साली अलाबामाच्याच प्रकरणात जिंगल्सचे निकष पाच विरुद्ध चार मतांनी टिकले; २०२५ साली लुइझियानाच्या निमित्ताने तोच वाद पुन्हा न्यायालयापुढे मांडला गेला.

भारतीय राज्यघटनेने राखीव जागा निश्चित केल्या, पण ती जागा भरणारा कोणाच्या पसंतीचा, हे विचारण्याची सोय ठेवली नाही. अमेरिकन कायद्याने पसंतीचा प्रश्न विचारला, पण जागेची हमी दिली नाही. दोन्ही व्यवस्थांचे उणेपण एकमेकींच्या उजेडात दिसते. आपल्यासारखा दिसणारा माणूस सभागृहात बसला, एवढ्याने प्रतिनिधित्व पुरे होत नाही. त्याला तेथे कोणी पाठविले, हा प्रश्न कायद्याच्या अभ्यासकाइतकाच साहित्याच्या अभ्यासकानेही विचारला पाहिजे.