मांजर आहे, ओकणारच?

"मांजर आहे, ओकणारच!" हे वाक्य आपण इतक्या सहज म्हणतो की त्यावर विचारच करत नाही. माझं मत विचाराल तर म्हाताऱ्या मांजरांचा सगळ्यात जास्त घात याच वाक्याने होतो. कधीमधी केसांचा गोळा बाहेर पडणं वेगळं. पण आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोनमहिने ओकणं ही सवय नव्हे, ते लक्षण आहे.

कशाचं? आतड्याच्या सुजेचं, किडनीचं, थायरॉइडचं, नाहीतर पोटातल्या कॅन्सरचं. मांजरांच्या पचनमार्गात सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे लिम्फोमा. तो बऱ्याचदा गाठ होऊन हाताला लागतच नाही, आतड्याची भिंत नुसती जाड होत जाते. मांजर खातंपितं, खिडकीत बसून कावळ्यांवर डाफरतं आणि वाळत जातं. काहींची तर भूक वाढते, आणि आपण खूश!

आमची बारा वर्षांची चिमी गेल्या वर्षी अशीच ४ किलोवरून साडेतीनवर आली. अंगावर केस भरपूर, त्यामुळे दिसण्यात काहीच कळलं नाही. ते काट्याने सांगितलं. "अर्धा किलो तर गेलाय, त्यात काय!" इति आत्या. आत्या, हिशोब कर, ६० किलोच्या माणसाचे साडेसात किलो झाले!

मग रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. भिंत जाड दिसली, पण साधी सूज आणि सावकाश वाढणारा लिम्फोमा सोनोग्राफीत सारखेच दिसू शकतात. खात्री हवी तर बायोप्सी. तोंडातून घातलेली दुर्बीण जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंतच पोचते, मधल्या भागाचा तुकडा हवा तर पोट उघडावं लागतं.

इथे घरात वाद झाला. "कॅन्सर तो कॅन्सर, नाव कळून काय करणार?" हेच मला पटत नाही. लहान पेशींचा लिम्फोमा सावकाश चालतो. प्रेडनिसोलोन आणि क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्या घरीच देता येतात आणि त्यावर बरीच मांजरं दोन वर्षं, कधी त्याहून जास्त चांगली जगतात. मोठ्या पेशींचा मात्र झपाट्याने पसरतो, केमोथेरपी देऊनही बहुतेकदा काही महिन्यांचाच प्रश्न असतो. नाव एकच, आयुष्य वेगळं. पहिला निघाला तर लढायचं, दुसरा निघाला तर कुठे थांबायचं हेही ठरवता येतं. चिमीचा पहिला निघाला. गोळ्या चालू आहेत.

आणखी एक. स्टिरॉइडने ओकणं थांबतं, सगळे सुटकेचा श्वास सोडतात, पण नंतरच्या बायोप्सीचं चित्र त्याने पुसट होऊ शकतं. म्हणून इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना विचारा, "बायोप्सी करायची झाली तर आत्ताच करायची का?" खर्च झेपत नसेल, मांजर फार अशक्त असेल, तर बायोप्सी न करता डॉक्टरांच्या अंदाजाने औषध देणं यात पाप नाही. पण ते विचार करून ठरवलेलं असावं, आपोआप घडलेलं नसावं.

परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. पण आम्हा कुळगावकरांना परळ म्हणजे जवळपास ६० किलोमीटर! टोपलीत मांजर घेऊन तिथवर कोण उगीच जाईल? म्हणूनच पहिली तपासणी घरी व्हायला हवी. बॅगा तोलायचा हुकाचा काटा घ्या, त्याला मांजराची टोपली अडकवा आणि रिकाम्या टोपलीचं वजन वजा करा. दर महिन्याच्या एक तारखेला. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचा हिशोब लिहितोच ना आपण? त्याच चौकोनात हाही आकडा लिहायचा. लागोपाठ दोन महिने उतरला, की "वय झालं" म्हणू नका, डॉक्टर गाठा.

तुमच्याकडचं मांजर शेवटचं कधी तोललं होतं?