जामीनदार बाप

बँकेत असताना जामीनदाराची सही घेण्यापूर्वी मी एक वाक्य ठरवून बोलत असे, "ही सही म्हणजे कर्ज तुम्हीच घेतलं, असं समजा." कळंब असो की उमरगा, समोरचा माणूस हसून म्हणे, "साहेब, पोरासाठी बापानं नाही तर कुणी सही करायची?" 1872 च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे, हे त्याच्या गावीही नसे. पुढे वसुलीची नोटीस मुलाबरोबर त्याच्याही नावाने आली, की "मी तर एक रुपया उचलला नाही" म्हणत तो माझ्या टेबलापाशी उभा राही. मला त्याची कीव येई आणि थोडा रागही येई. इतके समजावूनही याने सही केलीच का?

आज ते उत्तर मला ठाऊक आहे, कारण पुढे मीही तशीच सही केली.

आमच्या चिरंजीवांनी पुण्यातली नोकरी सोडून धाराशिवला पंप आणि पाइपांचे दुकान टाकले. दोन वर्षे पाऊस रुसला, उधारी थकली. मग मोबाइलवर पैसे लावून खेळण्याचा नाद लागला आणि त्याच्या पाठोपाठ बाटली आली. अशा खेळांवर संसदेने 2025 साली बंदीचा कायदा केला, तोवर आमच्या घरातून जायचे ते गेले होते. पहिल्यांदा चाळीस हजार दिले, नंतर दोन लाख. मग एका खासगी कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलो आणि शेवटी निवृत्तीच्या रकमेतला मोठा तुकडा मोडला. प्रत्येक वेळी तो म्हणे, "आण्णा, एवढं शेवटचं." तो खोटे बोलत होता असे मला आजही वाटत नाही. त्या क्षणी त्यालाही ते खरेच वाटत असावे.

शेतकऱ्यांना 'नवं-जुनं' सांगायला नको. मार्चअखेर आली, की कुणाकडून तरी चार दिवसांसाठी पैसे आणायचे, जुने पीककर्ज भरायचे, लगेच नवे उचलायचे आणि आणलेले परत करायचे. कागदावर खाते स्वच्छ दिसते. डोक्यावरचा बोजा मात्र हलत नाही, वर चार दिवसांच्या व्याजाची भर पडते. मी मुलाचे नेमके हेच करत होतो. त्याचे दर वर्षीचे संकट मी नवं-जुनं करून देत होतो आणि त्याला माया म्हणत होतो.

हे सारे एकट्या बापाचे नसते. मी नाही म्हटले, की पत्नी स्वयंपाकघरातून हळूच पैसे देई. एकदा तिच्या हातात पाटल्या दिसल्या नाहीत. विचारले तर म्हणाली, "अहो, त्यानं जिवाचं काही बरंवाईट केलं तर? सोनं काय करायचंय?" आपल्या जिल्ह्यात हे वाक्य हसण्यावारी नेता येत नाही. कर्जापायी माणूस गेलेले एक तरी घर प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. म्हणून स्पष्ट लिहितो, मुलाने तसे शब्द उच्चारले तर ते खरे मानावेत, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक त्यासाठीच आहे. पण या दुखण्याचे औषध रोख रक्कम नव्हे. आम्ही पाटल्या दिल्या, भीती मात्र घरातच राहिली.

एके दिवशी लेकीने फोनवर एवढेच विचारले, "आण्णा, तुमच्या दुखण्याखुपण्याला काही ठेवलंय का?" तिने स्वतःसाठी कधी काही मागितले नव्हते. गावाकडच्या वडिलोपार्जित पाच एकरांत भावाइतकाच तिचाही हक्क आहे, 2005 पासून कायदाच तसे सांगतो. तो हक्क आमच्या हातचा नाही. माझी स्वकष्टार्जित पुंजी मात्र माझी. आम्ही असेपर्यंत तिच्यावर मुलाचा कायद्याने हक्क नाही आणि लेकीचाही नाही. मीच ती एकाच्या पदरात ओतत होतो आणि म्हातारपणी हात मात्र लेकीपुढे पसरणार होतो.

मग एका रविवारी आम्ही तिघे एकत्र बसलो. मी कागदावर लिहिलेले वाचून दाखवले. घरात ताट आणि अंथरूण कायम मिळेल. दवाखान्याचे, व्यसनमुक्तीचे पैसे आम्ही थेट तिथेच भरू. रोख नाही, जामीन नाही, कर्जफेड नाही, दागिना नाही. खाली आम्हा दोघांच्या सह्या होत्या. तिची सही अधिक महत्त्वाची होती, कारण दोघांपैकी एक दार उघडे असले तर दुसरे लावून उपयोग नसतो. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली सुरू केलेल्या 'मुक्तांगण'चे नावही त्या कागदावर होते.

तो म्हणाला, "तुम्ही आयुष्यभर बँकेतच राहिलात आण्णा. बाप कधी झालात?" आणि निघून गेला. पाच महिने फोन नाही. त्या पाच महिन्यांत पत्नी माझ्याशी कामापुरतेच बोलली. रात्री फाटक वाजले, की आम्ही दोघेही उठून बसत असू. नकार देणारा बाप शांत झोपतो, असे कुणी समजू नये.

'नटसम्राट' 1970 साली रंगभूमीवर आले तेव्हापासून सारे देऊन बसू नये, हा धडा आपण त्यातून घेत आलो आहोत. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानेही सोय केली आहे. मालमत्ता देताना सांभाळण्याची अट दस्तात लिहिलेली असेल आणि ती पाळली गेली नाही, तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून तो व्यवहार रद्द करून घेता येतो. मात्र हे सारे कृतघ्न मुलांसाठी झाले. आमचा मुलगा कृतघ्न नव्हता, बुडत होता. बुडणाऱ्याला हात द्यायचा तर आपले पाय काठावर घट्ट हवेत, एवढेच मला उशिरा कळले.

गेल्या दिवाळीनंतर तो आला. सोलापुरात एका दुकानात कामाला आहे. पिणे सुटले का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. जेवायला बसण्यापूर्वी त्याने पुन्हा पंधरा हजार मागितले. मी नाही म्हणालो. पत्नी मान खाली घालून भाकरी थापत राहिली, पण उठली नाही. मला वाटले, आता हा चप्पल घालणार.

तो थोडा वेळ उंबऱ्याकडे पाहत बसला. मग ताट पुढे ओढून म्हणाला, "आई, अजून एक भाकरी टाक."