शिबिराच्या स्वयंपाकालाही परवाना हवा

अन्न पुरवठ्याचा परवाना किंवा नोंदणी दाखवल्याशिवाय एकाही उन्हाळी शिबिराला मुलांना जेवू घालण्याची मुभा असू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुण्याच्या विश्रांतवाडी, धानोरी, कळस भागांत सुट्टी लागताच सोसायट्यांच्या सभागृहांपासून मंगल कार्यालयांपर्यंत शिबिरे भरतात. मुलांचा नाश्ता कोठे शिजतो, हे बहुतेक पालकांना माहीत नसते.

‘आम्ही जेवण विकत नाही, ते शुल्कातच आहे,’ हा आयोजकांचा बचाव टिकणारा नाही. 2006चा अन्नसुरक्षा कायदा नफ्यासाठी असो वा नसो, अन्न पुरवणाऱ्या प्रत्येकाला लागू होतो. गरम अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर ठेवावे, हा साधा नियम; पण मे महिन्यात रिक्षातून आलेला पोह्यांचा डबा तो कितपत पाळणार?

सक्तीने घरगुती डबेवाल्या महिला आणि बचत गट बाहेर फेकले जातील, ही भीती खरी आहे. त्यावर सूट हा उपाय नव्हे. छोट्या व्यावसायिकांसाठी कायद्यात परवान्याऐवजी साधी नोंदणी आहेच. ती एप्रिलपूर्वी वस्तीतच करून द्यावी. पाण्याबाबत मात्र कोणालाच सवलत नको. दूषित पाण्याशी जोडल्या गेलेल्या, 2025च्या जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जासंस्थेच्या आजाराच्या) उद्रेकानंतर पुण्यात हे वेगळे सांगावे लागू नये.

अन्न व औषध प्रशासनाने महापालिकेच्या येरवडा-कळस-धानोरी क्षेत्रीय कार्यालयाला सोबत घेऊन शिबिरांची तपासणी सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात करावी. परवान्याचा किंवा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक प्रवेशअर्जावर छापलेला नसेल, तर पालकांनी शुल्क भरू नये.